वझिऱ्याचं परस: खिळ्यांच्या गर्दीत चालेल असा डिटेक्टर निवडताना

२९ सप्टेंबर २०२४

बोरिवली पश्चिमेला वझिऱ्याच्या गावठाणालगत माझं आजोळ. घर उतरवून झालं आहे. जानेवारीत पोकलेन येईल आणि परसासकट सगळ्या जागेत पाया खोदला जाईल. त्याआधी परसातल्या मातीत घरच्या माणसांच्या हातून पडलेलं, हरवलेलं, फेकलेलं धातूचं जे काही असेल ते शोधायचं, कुठे सापडलं ते नोंदवायचं आणि जपून ठेवायचं, असा हा प्रकल्प. नाणी, बटणं, कुलपं, भांड्यांचे कान, मुलांची खेळणी. बाजारभावाने यातलं बहुतेक भंगारात जाईल. पण चार पिढ्यांचं रोजचं आयुष्य त्या परसात गेलं आहे. ते डंपरमध्ये भरून कुठल्यातरी खाजणात भराव म्हणून ओतलं जावं, हे मला बघवणार नाही.

जागेचा नकाशा मामांना विचारून काढला. पुढे ओटा आणि दगडी पायऱ्या, मागे पडवी, पडवीबाहेर न्हाणीघर, त्याच्यामागे उकिरडा, डाव्या हाताला विहीर, कुंपणाशी दोन आंबे. मामा म्हणाले, "अगं, पावसात पाणी ओट्याच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढायचं. म्हणून तुझ्या आजोबांनी विहिरीकडचा भाग सोडून सगळीकडे मुरूम टाकून घेतला." ही माहिती फार कामाची आहे. मुरूम म्हणजे झिजून भुसभुशीत झालेला काळा दगड. त्यात लोहखनिज असतं आणि त्याने डिटेक्टर, म्हणजे धातू शोधणारं यंत्र, गोंधळतो. शिवाय जुनी जमीन या भरणीच्या खाली गेली आहे. विहिरीकडे मात्र जुनी माती अजून वरच आहे.

यंत्र कोणतं ते ठरलेलं नाही, पण निकष आजच लिहून ठेवते. खोली दुय्यम. लोखंडाच्या कचऱ्यात शेजारी पडलेली दुसरी वस्तू यंत्राला वेगळी ऐकू येते की नाही, हे पहिलं.

२ ऑक्टोबर

यंत्राआधी कायदा. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ चा आहे आणि आजही लागू आहे. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कधी. उपनगर जिल्ह्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. जागा स्वतःची असली तरी यातून सुटका नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांपूर्वीची नाणी आणि कलावस्तू पुरावस्तू ठरतात. म्हणून विकण्याचा, परदेशी पाठवण्याचा विषय आमच्या यादीत नाहीच.

संरक्षित स्मारकाच्या हद्दीत तर यंत्र घेऊन जायचंच नाही. बोरिवलीत मंडपेश्वर लेणी आहेत, कान्हेरी जवळच आहे. किल्ले, लेणी, जुन्या देवळांची आवारं इथे खोदकाम करायचं असेल तर ते पुरातत्त्व विभागाने करायचं. हौशी माणसाने एक खड्डा खणला तरी मातीचे थर विस्कटतात, आणि ते परत कुणाला लावता येत नाहीत. आमचं परस ओळखीचं, घरगुती आणि तसंही खोदलं जाणार आहे, म्हणूनच मी हे करते आहे.

मिळकत पत्रिकेवर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्या भावंडांच्या सह्या मामांनी घेतल्या. विकासकाचंही पत्र घेतलं. घरच्यांशी एक गोष्ट आधीच ठरवून घेतली: मुद्दाम पुरून ठेवलेलं मडकं किंवा डबा लागला तर हात लावायचा नाही, फोटो काढायचा, काम थांबवायचं आणि कळवायचं.

६ ऑक्टोबर

आज यंत्राविना काम. ओट्याच्या पायऱ्यांसमोर, न्हाणीघरामागे आणि आंब्याखाली लहान चौकोन आखले, वीतभर माती खणली, चाळली, चुंबक फिरवला. कुठल्या कचऱ्यात काम करायचं आहे हे कळल्याशिवाय यंत्र निवडण्यात अर्थ नाही.

पायऱ्यांपुढे ओंजळीने खिळे. काही हाताने घडवलेले चौकोनी, बहुतेक तारेचे गोल. बिजागऱ्या, पत्र्याच्या गंजलेल्या चिंध्या, छत्रीच्या काड्या, दाढीची ब्लेडं, सोड्याच्या बाटल्यांची बुचं. न्हाणीघरामागे याच्या जोडीला अॅल्युमिनियम: गोळ्यांच्या पट्ट्या, सिगारेटच्या पाकिटातली चांदी, आणि आरेच्या दुधाच्या काचेच्या बाटल्यांची ती पातळ टोपणं, चुरगळून गोळ्या झालेली. आरे कॉलनी १९४९ ची, तेव्हा ही टोपणं त्यानंतरची. म्हणजे थराचं वयही त्यांच्यावरून कळतं. मी ती वेगळ्या डब्यात ठेवली.

या दोन कचऱ्यांशी डिटेक्टरला दोन निराळ्या रीतींनी झगडावं लागतं. लोखंड शेजारच्या चांगल्या वस्तूचा आवाज दाबून टाकतं. अॅल्युमिनियम दाबत नाही, ते चांगल्या वस्तूसारखंच बोलतं. पातळ सोन्याची अंगठी आणि पन्नीचा गोळा यांच्यासाठी यंत्र पडद्यावर दाखवतं ते आकडे एकमेकांवर येतात आणि त्यावर कुठल्याही यंत्राकडे उत्तर नाही. लोखंडावर मात्र उत्तर आहे, आणि पैसे त्यासाठी मोजायचे.

चाळण्यांत कौलांचे तुकडेही खूप आले. मंगलोरी कौल, वीट, चुलीतली भाजलेली माती यांच्यातलं लोह भट्टीत तापल्यावर चुंबकीय होतं. हे तुकडे कॉइलखाली, म्हणजे यंत्राच्या टोकाच्या तारेच्या तबकडीखाली, आले की यंत्र किरकिरतं.

सुरक्षेचं: पावसाळा नुकताच सरला आहे, उंदरांची बिळं आहेत. लेप्टोच्या (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाच्या) भीतीने गमबूट आणि जाड रबरी हातमोज्यांशिवाय कुणी माती हाताळायची नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन मी आणि मामेभावाने घेतलं.

१३ ऑक्टोबर

दसरा झाला. ठाण्याच्या एका मित्राचं जुनं यंत्र आज मिळालं: एकाच फ्रिक्वेन्सीचं, १५ किलोहर्ट्झवर चालणारं, अकरा इंची कॉइलचं. समुद्रकिनाऱ्यावर मित्राने ते वापरलेलं, तिथे ते छान चालतं.

इथे काय झालं ते समजण्यासाठी यंत्र काम कसं करतं ते पाहावं लागेल. कॉइलमधून सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत जातं. ते किती वेगाने बदलतं, ती यंत्राची फ्रिक्वेन्सी. धातूत त्याने गोल फिरणारे प्रवाह उठतात, त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते कॉइलला परत ऐकू येतं. पाठवलेली लहर आणि परतलेली लहर यांच्यातल्या बारीक अंतरावरून यंत्र ठरवतं की खाली लोखंड आहे, चांदी आहे की अॅल्युमिनियम. एका वेळी एकच वस्तू असेल तर हे उत्तम जमतं. पण अकरा इंची कॉइलखाली आमच्या परसात एका वेळी अनेक खिळे असतात. त्यातलं एक नाणं सगळ्यांबरोबर एकदम बोलतं आणि यंत्राला गोळाबेरीज ऐकू येते.

लोखंड गाळायची सेटिंग लावली की आणखी बिघडतं. खिळा ओळखला की यंत्र क्षणभर गप्प राहतं. त्या क्षणात कॉइल नाण्यावरून पुढे सरकलेली असते. हा गप्प राहण्याचा काळ जितका कमी, तितकं यंत्र कचऱ्यात उपयोगी. उत्पादक याला रिकव्हरी स्पीड म्हणतात, काही जण रिअॅक्टिव्हिटी. जाहिरातीत खोलीचे आकडे मोठ्या अक्षरांत असतात आणि हा आकडा आतल्या पानात.

१९ ऑक्टोबर

खिळ्यांची फळी तयार केली. लाकडी फळीवर मधोमध नाण्याची जागा, भोवती चार गंजके खिळे, वेगवेगळ्या कोनांत, आमच्याच परसातले. दुकानातले नवे खिळे मुद्दाम घेतले नाहीत, कारण गंज धरलेल्या खिळ्याचा आवाज निराळा असतो. फळी जमिनीवर ठेवायची, कॉइल चारही दिशांनी फिरवायची आणि किती दिशांनी नाण्याचा आवाज सुटतो ते लिहायचं.

नाणी घरातलीच: पंचम जॉर्जचा ब्राँझचा पाव आणा, दुसऱ्या महायुद्धातला भोकाचा पैसा, कंगोरेदार कडेचा आणा, १९५७ नंतरचा एक नवा पैसा, अॅल्युमिनियमचे चौकोनी पाच पैसे, आणि १९८८ नंतरचे स्टेनलेस स्टीलचे पंचवीस पैसे.

शिकायला यातच सर्वांत जास्त मिळालं. पाव आणा मोठा, ब्राँझचा, वरच्या आकड्यांत खणखणीत वाजतो. भोकाचा पैसा लहान आणि हलका, पण बंद कडं असल्यामुळे त्यात प्रवाह छान फिरतो आणि आकाराच्या मानाने तो चांगला ऐकू येतो. तांबं-निकेलचा आणा मात्र वीज फारशी वाहू देत नाही, म्हणून तो खालच्या मधल्या पट्ट्यात येतो. आरेच्या टोपणाचा गोळा जिथे येतो, अगदी तिथेच. पन्नीला कंटाळून कुणी तो पट्टा बंद करून टाकला तर आणे कायमचे जमिनीत राहतील. स्टीलचे पंचवीस पैसे चुंबकाला चिकटतात आणि यंत्र त्यांना लोखंडाच्या बाजूला ढकलतं. तसे सुटले तरी मला चालतील.

रुपये सापडले तर काय अपेक्षा ठेवायची तेही लिहून ठेवते. १९३९ पर्यंतच्या रुपयात ९१.७ टक्के चांदी होती, १९४० पासून निम्मी, आणि १९४७ चा रुपया निकेलचा. चांदीचा रुपया सगळ्यात वर वाजेल. निकेल चुंबकाला चिकटतं, तेव्हा तो रुपया कसा वाजेल यावर विसंबायचं नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवायची. फळीवर सगळं एका पातळीत असतं. जमिनीत खिळा वर आणि नाणं खाली असतं, ती परीक्षा याहून कठीण. म्हणून फळीवर नापास झालेलं यंत्र लगेच बाद करायचं, पण पास झालेल्यालाही जमिनीत परत तपासायचं.

२० ऑक्टोबर

लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चौकशी. पहारेकऱ्यांच्या हातातल्या कांड्या आणि दरवाज्याच्या चौकटी मिळतात, त्या या कामाच्या नाहीत.

एकाने "शंभर मीटरवरून सोनं दाखवणारं" यंत्र दाखवलं. हातात धरायचं, वर दोन सळया, त्या आपोआप सोन्याकडे वळतात म्हणे. कुठल्याही भौतिक नियमाने हे होत नाही. नाण्याएवढी वस्तू चांगल्यात चांगल्या डिटेक्टरला फुटाच्या आसपास खोलीवर ऐकू येते, त्यापलीकडे नाही. गुप्तधनाच्या नादात कर्ज काढून अशी यंत्रं घेणारी कुटुंबं आहेत, आणि हे वाचणाऱ्या कुणाच्या ओळखीत असं कुणी असेल तर त्याला कृपया थांबवा.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात. नाशिकच्या एका अनुभवी गृहस्थांनी फोनवर पल्स इंडक्शन प्रकार सुचवला. मुरमासारख्या खनिजांनी भरलेल्या जमिनीत तो खरंच सरस असतो, कारण तो एक झटका देऊन थांबतो आणि जमिनीचा आवाज विरल्यावर धातूचा ऐकतो. सोन्याच्या खाणपट्ट्यात लोक तेच वापरतात. पण लोखंड आणि इतर धातू यांत फरक करण्यात तो कच्चा. आमच्याकडे त्याचा अर्थ प्रत्येक खिळा खणून काढणं. मी त्यांना म्हटलं, "काका, मुरमाचा त्रास मी सोसेन, खिळ्यांचा नाही." त्यांनाही पटलं.

दुसरा विषय मुंबईचा खास: विजेचा गोंगाट. पश्चिम रेल्वेच्या तारांत २५ हजार व्होल्ट एसी, रस्त्याखाली केबल, शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर मोबाइलचे अँटेना, पाण्याचा पंप, एलईडी दिवे. कॉइल हवेत स्थिर धरली तरी यंत्र बडबडत असेल तर तो गोंगाट हवेतला. जमिनीवर फिरवल्यावरच बडबडत असेल तर तो जमिनीतला. हा भेद कळला की उपाय कळतो. हवेतल्या गोंगाटाला यंत्राचं नॉइज कॅन्सल वापरायचं, मग संवेदनशीलता उतरवायची. जमिनीतल्याला ग्राउंड बॅलन्स करायचा, म्हणजे धातू नसलेल्या जागी कॉइल वर-खाली करून यंत्राला त्या मातीचा परिचय द्यायचा. आमच्या परसात धातू नसलेली हातभर जागा मिळणं हेच कठीण. शेवटी कुंपणाच्या कोपऱ्यात चाळलेल्या मुरमाचा ढीग करून ठेवला, तिथे बॅलन्स करायचा. दुपारी शेजारचा पंप बंद असताना हवा बरीच शांत असते, तेव्हा कामाची वेळ तीच.

१७ नोव्हेंबर

आता खरे उमेदवार. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर ऐकणारी यंत्रं आमच्या कामाला योग्य, हे स्पष्ट झालं आहे. कमी फ्रिक्वेन्सी चांदी-तांब्याला मानवते, जास्त फ्रिक्वेन्सी लहान आणि कमी वाहक वस्तूंना. आम्हाला पाव आणा आणि आणा दोन्ही हवेत. शिवाय मुरमाचा परिणाम वजा करायला अनेक फ्रिक्वेन्सींची तुलना उपयोगी पडते.

ऑस्ट्रेलियन मिनेलॅब कंपनीची इक्विनॉक्स मालिका २०१८ ची. त्यात ६०० आणि ८०० या दोघांची अनेक फ्रिक्वेन्सींची पद्धत एकच, पण ६०० वर रिकव्हरी स्पीडच्या तीन पायऱ्या आणि ८०० वर आठ. ८०० वर ४० किलोहर्ट्झपर्यंत जाता येतं. किमतीतला फरक याच गोष्टींचा आहे आणि आमच्या जागेसाठी तो फरक देण्याजोगा आहे. याच कंपनीची व्हॅन्क्विश मालिका स्वस्त, हलकी, पण रिकव्हरी स्पीड स्वतः बदलता येत नाही. तुर्कस्तानच्या नोक्ताचं लेजंड २०२२ चं, किंमत कमी, सोय जवळपास तेवढीच. त्याच कंपनीचं सिम्प्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झच्या एकाच फ्रिक्वेन्सीचं, नवशिक्याला मोकळ्या शेतात छान. फ्रान्सच्या एक्सपीचं डिऊस २ कचऱ्यात फार चपळ म्हणून नावाजलेलं, कॉइलला वायर नाही, वजनाला हलकं. मला ते मनापासून आवडलं असतं, पण ते माझ्या कुवतीबाहेरचं आहे.

आज ८०० आणि लेजंड दोन्ही प्रत्यक्ष मिळाली, दोन वेगळ्या मित्रांकडून. फळीवर आधी अकरा इंची कॉइल, मग सहा इंची.

यंत्र बदलल्याने जेवढा फरक पडला त्याहून कितीतरी जास्त कॉइल बदलल्याने पडला. अकरा इंचीवर दोन्ही यंत्रं दोन दिशांनी नाणं दाखवत, उरलेल्या दोन दिशांनी फक्त लोखंड. सहा इंचीवर दोन्ही यंत्रांनी बहुतेक दिशांनी नाणं सोडवलं. पुण्यातल्या वाड्याच्या, कोकणातल्या पडक्या घराच्या, नाहीतर आमच्यासारख्या परसात शोध घ्यायचा असेल त्याने यंत्राच्या नावावर रात्र घालवण्याआधी एवढंच विचारावं: याला सहा इंची डीडी कॉइल मिळते का? डीडी म्हणजे दोन इंग्रजी डी अक्षरांसारखी वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली. तिची ऐकण्याची जागा मधल्या अरुंद पट्टीत असते, म्हणून शेजारचं वेगळं सुटतं आणि खनिजांच्या जमिनीतही ती कमी गोंधळते. खोली थोडी जाते. जाऊ दे. खिळ्यांमुळे जे ऐकूच येत नाही, त्याची खोली मोजून काय करायचं?

२४ नोव्हेंबर

निर्णय: वापरलेलं इक्विनॉक्स ८००, सहा इंची कॉइलसह. लेजंड घेतलं असतं तरी काम झालं असतं, आणि नवं घेणाऱ्याला मी तेच सुचवीन. हे ८०० पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडून कॉइलसकट योग्य किमतीत मिळालं. लोकप्रिय यंत्रांच्या नकली प्रती बाजारात फिरतात, म्हणून पैसे देण्याआधी सिरियल क्रमांक उत्पादकाकडे तपासून घेतला. सोबत गॅरेट कंपनीचा पिनपॉइंटर. खड्डा खणल्यावर वस्तू मातीच्या कुठल्या ढेकळात आहे हे तो दाखवतो. त्याच्याविना निम्मा वेळ ढेकळं फोडण्यात जातो आणि खुरप्याचा घाव वस्तूवर बसतो.

८ डिसेंबर

सुतळीने दोन-दोन मीटरच्या चौकटी आखल्या, अक्षर आणि क्रमांक दिले. आजच्या चौकटी ओट्याच्या पायऱ्यांपुढच्या. माणसं पायरीवर बसतात, कनवटीला हात घालतात, मुलं सांडासांडी करतात. नाणी पडायची तर इथेच.

ठरलेली रीत अशी. आधी दंताळ्याने वरची माती उकरायची, मोठा चुंबक फिरवून खिळे उचलायचे. मग डिटेक्टर, लोखंड गाळायची सेटिंग पूर्ण बंद, लोखंडाचा आवाज अगदी हळू. खिळे कुरकुरत राहतात आणि त्या कुरकुरीत एखादा गोल, स्वच्छ सूर मध्येच उमटतो. तो ऐकायला कान दोन तासांत तयार होतो. कॉइल हळू, आखूड फेरात फिरवायची. सूर आला की नव्वद अंशांत वळून पुन्हा फिरवायची. दोन्ही दिशांनी टिकला तर खणायचं, आणि एकाच दिशेने टिकला तरी या जागेत खणायचं, कारण शेजारचा खिळा दुसऱ्या बाजूने त्याला दाबत असू शकतो. वीतभर थर संपला की तो उचलून चाळायचा आणि खालच्या थरावर पुन्हा सगळं पहिल्यापासून. वरचे खिळे गेले की खालचं बोलायला लागतं.

गंजलेल्या पत्र्याचा मोठा तुकडा मात्र फसवा. चपटं, मोठं लोखंड आकड्याने चांदीच्या वर जाऊन बसतं. कॉइल वर उचलून पाहायची. उंचावरूनही आवाज तसाच पसरट येत राहिला तर बहुधा पत्रा.

आज मिळालं: भोकाचा पैसा, पितळी बटणं, स्टोव्हचा पितळी बर्नर, एक नवा पैसा.

१५ डिसेंबर

न्हाणीघरामागचा उकिरडा. पन्नीचा पट्टा उघडाच ठेवला आणि तिथला प्रत्येक सूर खणला. आरेची टोपणं पुष्कळ निघाली. त्यांच्याच ढेकळात कंगोरेदार आणा निघाला, आकडा टोपणाएवढाच. १९ ऑक्टोबरची फळी आज कामी आली.

मामी आणा धुवायला चिंच घेऊन आल्या. "मामी, नाण्यांना चिंच नको हं. भांड्यांना ठीक." तांब्या-पितळेवर वर्षानुवर्षं धरलेला थर आम्लाने निघतो आणि त्याबरोबर अक्षरंही झिजतात. नाणं साध्या पाण्यात भिजवायचं, मऊ ब्रशने माती काढायची, सावलीत वाळवायचं, बस. मामींनी चिंच बंबाच्या सापडलेल्या तोटीवर लावली, ती आता लखलखते आहे.

२९ डिसेंबर

आंब्याखालचा भाग. इथे मुरमाची भरणी जाड, कौलांचे तुकडे भरपूर. संवेदनशीलता बरीच उतरवली तेव्हा किरकिर थांबली आणि हलके सूर कळू लागले. आवाज वाढवून ऐकू येत नव्हतं, कमी केल्यावर आलं. भरणी पहारीने फोडून जुन्या जमिनीपर्यंत पोहोचलो तिथे एक पितळी कुलूप मिळालं, कडीसकट बंद. मामा ते हातात घेऊन बराच वेळ बघत होते. म्हणाले, "हे आईच्या ट्रंकेचं. किल्ली हरवली म्हणून ट्रंक कोयंड्यासकट उचकटली होती. मी सातवीत होतो."

कुलूप नोंदवहीत गेलं: चौकट, खोली, भरणीखाली, आणि मामांचं वाक्य त्यांच्याच शब्दांत. मामांची आठवण नसती तर ते फक्त एक कुलूप होतं. म्हणून आता प्रत्येक वस्तू धुऊन झाली की आधी मामांना, मग दोन्ही मावश्यांना दाखवायची आणि बोलणं रेकॉर्ड करायचं, असं ठरलं.

५ जानेवारी २०२५

पायऱ्या, उकिरडा आणि आंबे पूर्ण. विहिरीकडच्या चौकटी राहिल्या आहेत. तिथे मुरूम नाही, जुनी माती वर आहे, पण रहाटाचं मोडकं लोखंड आणि बादल्यांच्या कड्या यांची दाटी आहे. यंत्राच्या सेटिंगा मामेभावासाठी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिल्या: सहा इंची कॉइल, रिकव्हरी स्पीड वरच्या टोकाकडे, लोखंड गाळणं बंद, संवेदनशीलता गोंगाट थांबेल इतकीच, बॅलन्स कुंपणाच्या कोपऱ्यातल्या ढिगावर.

विकासकाच्या साइट इंजिनिअरशी मामा बोलले. पोकलेन आधी ओट्याच्या बाजूने लावतील आणि विहिरीकडचा भाग शेवटी घेतील, असं त्यांनी कबूल केलं. पोकलेनच्या बादलीने उचललेली विहिरीजवळची माती डंपरमध्ये घालण्याआधी कुंपणाशी पसरून देतील, म्हणजे ती आम्ही यंत्राने बघू शकू. उद्या सकाळी ताडपत्री आणि आणखी सुतळी आणायची आहे.